दोन हातांत दोन शस्त्रें : एका खेळांतील नियमाचें वाचन

पुणें शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत हिंजवडी हें गांव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें तेथें वसविलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळें या गांवाचें नांव आज संगणकाच्या धंद्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. आठवडाभर पडद्यासमोर बसून आज्ञावली लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या तरुण मंडळींना सुटीच्या दिवशीं असा एखादा खेळ हवासा वाटतो, कीं ज्यांत बुद्धीला काम मिळावें, चार माणसें समोरासमोर बसावींत आणि पडदा मात्र नसावा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असल्या खेळांपैकीं सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक खेळला जाणारा खेळ होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध केला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. यांत बुद्धिबळाप्रमाणें पट असावाच लागतो असें नाहीं, आणि कोणी कोणास हरवावयाचें असतें असेंहि नाहीं. एक जण सूत्रधार होतो. त्यास डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग वर्णन करून सांगतो, शत्रूंचीं सोंगें घेतो, आणि तंटा पडला तर निवाडाहि तोच देतो. म्हणजे कीर्तनकार आणि पंच यांचीं दोन्ही कामें एकाच माणसाच्या गळ्यांत पडतात. बाकीचे खेळाडू प्रत्येकीं एकेक पात्र चालवितात. पात्राच्या अंगीं बळ किती, चापल्य किती, हें एका कागदावर आंकड्यांनीं मांडलेलें असतें. शस्त्राचा वार लागला कीं चुकला हें वीस बाजूंचा फांसा टाकून ठरतें, आणि लागला तर इजा किती झाली हें दुसरा फांसा टाकून ठरतें. लढाई फेऱ्यांफेऱ्यांनीं चालते, व एक फेरी म्हणजे सहा सेकंद असें धरलेलें आहे.

मराठी घरांत वाढलेला खेळाडू या खेळांत शिरला म्हणजे त्याच्या मनांत कांहीं चित्रें आधींच ठाण मांडून बसलेलीं असतात. १६६० सालीं घोडखिंड लढविणारे बाजीप्रभु देशपांडे त्याला चित्रांतून आणि पन्हाळ्यावरील पुतळ्यांतून भेटलेले असतात ते दोन्ही हातीं शस्त्र परजलेले. १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगीं शिवाजी महाराजांजवळ वाघनख आणि बिचवा अशीं दोन शस्त्रें होतीं, ही हकीकत त्यानें लहानपणीं ऐकलेली असते. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांत दोन पट्टे फिरविणारा खेळगडी त्यानें कदाचित् डोळ्यांनींहि पाहिलेला असतो. याच दांडपट्ट्याला महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं राज्यशस्त्राचा मान दिला. तेव्हां आपल्या पात्राच्या दोन्ही हातांत तरवारी देऊन असा खेळाडू मोठ्या उमेदीनें मेजाशीं बसतो आणि पहिल्याच लढाईंत विचारतो, 'हात दोन, तरवारी दोन. मग वार दुप्पट कां नाहींत?'

या प्रश्नाचें उत्तर नियमांत आहे; पण नियम वाचावयास हवा, आणि वाचणें म्हणजे नुसती नजर फिरविणें नव्हे.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत हा नियम लढाईच्या प्रकरणांत, 'दोन शस्त्रांनीं लढणें' अशा स्वतंत्र मथळ्याखालीं दिलेला होता. त्याचा आशय असा : आपल्या पाळींत हल्ला ही मुख्य कृति करून, एका हातांतील हलक्या शस्त्रानें वार केला, तर दुसऱ्या हातांत धरलेल्या निराळ्या हलक्या शस्त्रानें, बोनस कृति खर्चून, आणखी एक वार करतां येतो. या जादा वाराच्या इजेंत अंगच्या बळाचा किंवा चापल्याचा आंकडा मिळवावयाचा नाहीं. तो आंकडा उणा असेल तर मात्र मिळवावयाचा. 

या लहानशा नियमांतील जवळजवळ प्रत्येक पद कांहीं तरी काम करतें. 'हलकें' या पदामुळें लांब तरवार बाद होते. आंखूड तरवार, खंजीर, हातकुऱ्हाड यांसारखींच शस्त्रें उरतात. 'बोनस कृति' या पदामुळें मर्यादा पडते, कारण एका पाळींत बोनस कृति एकच. ती येथें खर्चली तर त्या पाळींत तिच्या जोरावर करावयाचें दुसरें कांहीं करतां येत नाहीं. 'एक वार' या पदाकडे तर नवशिके हमखास दुर्लक्ष करतात. पांचव्या पायरीला पोंचलेल्या योद्ध्याला मुख्य कृतींत दोन वार मिळतात. दोन तरवारी घेतल्यावर ते चार होतील अशी त्याची समजूत असते. पण नियम एक म्हणतो म्हणून दोहोंचे तीनच होतात.

आतां राहिला बळाचा आंकडा न मिळविण्याचा प्रश्न. ही तरतूद वरवर पाहतां कृपणपणाची वाटते. परंतु थोडें गणित केलें म्हणजे तिचें कारण उलगडतें. पात्राचें बळ ३ धरूं. दोन हातांनीं धरावयाच्या मोठ्या तरवारीची इजा सहा बाजूंच्या दोन फांशांनीं मोजतात; त्यांची सरासरी ७, तींत बळाचे ३ मिळवले म्हणजे १०. आंखूड तरवारीला सहा बाजूंचा एकच फांसा, सरासरी साडेतीन. पहिल्या वारांत बळासह साडेसहा, आणि दुसऱ्या वारांत बळावांचून साडेतीन. बेरीज पुन्हां १० च. म्हणजे नियमकर्त्यांनीं दोन तरवारींचा गडी आणि मोठ्या तरवारीचा गडी यांना निदान आरंभींच्या पायऱ्यांवर एकाच तागडींत बसविलें आहे. बळ दोनदां मिळवूं दिलें असतें तर १३ झाले असते, आणि मोठ्या तरवारीकडे कोणी ढुंकून पाहिलें नसतें. शिवाय दोन वारांचा एक फायदा गणितांत लपलेला आहे तो वेगळाच. वार लागण्याचा संभव शेंकडा ६० असेल, तर दोहोंपैकीं निदान एक तरी लागण्याचा संभव शेंकडा ८४ होतो. ज्या पात्राला पाळींत एकदांच मोठी जादा इजा करतां येते, उदाहरणार्थ गांठ साधून वार करणारा चोर, त्याला हा दुसरा वार इजेसाठीं नव्हे तर दुसऱ्या संधीसाठीं हवा असतो.

या बाबतींत नियमकर्त्यांचा हात पूर्वीं याहूनहि आंखडता होता. १९७९ सालच्या सूत्रधाराच्या ग्रंथांत दुसऱ्या हातीं खंजीर किंवा हातकुऱ्हाड यांखेरीज कांहीं धरूंच देत नव्हते. आणि फांशांत पहिल्या हातासाठीं २ व दुसऱ्यासाठीं ४ वजा करावयास लावीत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत विशेष शिक्षण न घेतलेल्या पात्राला ही वजाबाकी ६ आणि १० अशी पडे, व ती कमी करण्यासाठीं दोन निरनिराळीं कौशल्यें संपादावीं लागत; २००३ च्या सुधारणेंत त्या दोहोंचें एक करण्यांत आलें. प्रत्यक्ष पट्टेबाजी शिकलेल्या माणसाला ही वजाबाकी पटेल. डावा हात उजव्यासारखा चालविणें वर्षानुवर्षांच्या मेहनतीचें काम आहे.

वरील नियमाची घडण आपल्याकडील शास्त्रग्रंथ पाहिलेल्या माणसाला ओळखीची वाटल्यावांचून राहणार नाहीं. इजेंत बळाचा आंकडा मिळवावा हा सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग. जादा वारांत तो मिळवूं नये हा अपवाद. तो उणा असल्यास मिळवावाच, हा अपवादाचाहि अपवाद. शास्त्रकार याला प्रतिप्रसव म्हणतात. 'दोन शस्त्रांची लढण्याची शैली' शिकलेल्या पात्राला तो आंकडा पुन्हां मिळवूं द्यावा, हा दुसरा प्रतिप्रसव. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूस सारतो, हें तत्त्व या खेळाच्या पुस्तकांत आरंभींच स्पष्ट सांगितलेलें आहे. व्याकरणांत हेंच तत्त्व शेंकडों वर्षें नांदत आहे. काशींत राहिलेल्या नागेशभट्ट काळे या मराठी पंडितानें अठराव्या शतकांत 'परिभाषेन्दुशेखर' ग्रंथांत सूत्रांचा अर्थ कसा लावावा याचे नियम एकत्र केले. आणि डेक्कन कॉलेजांतील अध्यापक कीलहॉर्न यांनीं १८६८ ते १८७४ च्या दरम्यान तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. यज्ञविषयक वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्राचा मोठा कोश वाईच्या केवलानंदसरस्वतींनीं रचला, आणि महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पांचव्या खंडांत त्या शास्त्राची चर्चा केली. वाई आणि पुणें यांच्या परिसरांत वाक्याचा कीस काढण्याची ही परंपरा जुनी आहे. हिंजवडींतील मेजावर तिचा उपयोग झाला तर त्यांत विपरीत कांहीं नाहीं.

तो उपयोग करण्याची वेळ २०२४ सालीं आली. त्या वर्षीं पांचव्या आवृत्तीचें सुधारलेलें पुस्तक निघालें. त्यांत 'दोन शस्त्रांनीं लढणें' हा लढाईच्या प्रकरणांतील मथळा नाहींसा झाला, आणि तो नियम शस्त्रांच्या प्रकरणांत 'हलकें' या गुणाच्या वर्णनांत जाऊन बसला. जादा वार निराळ्या हलक्या शस्त्रानेंच करावा ही अट कायम राहिली. परंतु 'दुसऱ्या हातांत धरलेलें' हीं पदें गळालीं. त्याच पुस्तकांत दुसरीकडे अशी सवलत आली, कीं हल्ल्यांतील प्रत्येक वाराबरोबर एक शस्त्र उपसतां येईल किंवा ठेवतां येईल. पाळींत एखादी वस्तु फुकट हाताळण्याची मुभा पूर्वींपासून होतीच.

समजा, हिंजवडींतील एका सदनिकेंत पांच माणसें खेळत आहेत, आणि त्यांतील एका खेळाडूचें पात्र ढालाईत आहे. डाव्या हातीं ढाल, उजव्या हातीं आंखूड तरवार, कमरेला खंजीर. तो म्हणतो : मी तरवारीनें वार करतों, त्या वाराबरोबर मिळणाऱ्या सवलतींत तरवार म्यान करतों, फुकट मिळणाऱ्या हालचालींत खंजीर उपसतों, आणि बोनस कृति खर्चून खंजिरानें जादा वार करतों. शस्त्र निराळें आहे, हलकें आहे. ढाल हातांतून सुटलेली नाहीं. पुढल्या पाळींत हाच क्रम उलटा.

त्याच्या शेजारीं बसलेला, दोन तरवारींचा गडी चालविणारा, खवळून उठतो. त्यानें ढालीचा त्याग केलेला आहे. ढालीमुळें शत्रूला वार लावण्यास २ आंकडे अधिक पडतात. हें संरक्षण सोडून त्यानें दुसरी तरवार पत्करली, ती जादा वारासाठीं. आतां ढालाईताला ढालहि राहणार आणि जवळजवळ तेवढाच वारहि मिळणार असेल, तर आपण काय मिळविलें? 'नियमाचें नांवच दोन शस्त्रांची लढाई आहे,' असें तो म्हणतो. 'दोन हातांची गोष्ट त्यांत गृहीतच आहे.' सूत्रधार गोंधळतो, आणि खेळ अर्धा तास अडून राहतो. अशा वादांतून मंडळ्या मोडल्याचीं उदाहरणें या खेळाच्या जगांत कमी नाहींत. बाहेरच्याला हें पोरकट वाटेल. परंतु पांच माणसांनीं महिनोन्महिने रचलेल्या कथेंत आपला पक्षपात झाला ही भावना लहान नव्हे.

या वादाकडे शास्त्राच्या दृष्टीनें पाहूं. दोन तरवारींच्या गड्याचा पहिला आधार नांवाचा आहे. शैलीचें नांव नव्या पुस्तकांतहि 'दोन शस्त्रांची लढण्याची शैली' असेंच आहे हें खरें. परंतु कोणतें अंग कोणत्या कर्माचें हें ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सहा प्रमाणें सांगितलीं आहेत : श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. त्यांत विरोध आला तर आधीचें प्रमाण बलवत्तर. प्रत्यक्ष शब्द म्हणजे श्रुति सर्वांत प्रबळ. नांव म्हणजे समाख्या सर्वांत दुबळी. याचें प्रसिद्ध उदाहरण असें, कीं एका ऋचेंत इंद्राचें वर्णन आहे, म्हणून ती इंद्राला लावावी असें तिच्या सामर्थ्यावरून वाटतें; परंतु तिनें गार्हपत्य अग्नीची उपासना करावी असें प्रत्यक्ष वचन आहे, म्हणून ती अग्नीलाच लागते. इंद्राचें स्पष्ट वर्णनहि जेथें प्रत्यक्ष वचनापुढें हरतें, तेथें नुसतें नांव काय टिकणार? शिवाय नव्या पुस्तकांत या शैलीचें लक्षण 'हलक्या शस्त्राच्या गुणामुळें मिळणारा जादा वार' असें केलेलें आहे. त्यांत हाताचा उल्लेख नाहीं.

दुसरा आधार जुन्या पुस्तकाचा. पूर्वीं 'दुसऱ्या हातांत' असें होतें, तें आतांहि समजून घ्यावें, असें म्हणतां येईल काय? पाणिनीच्या सूत्रांत अशी सोय आहे. मागील सूत्रांतील पद पुढील सूत्रांत न उच्चारतां चालत येतें, त्याला अनुवृत्ति म्हणतात. परंतु अनुवृत्ति एकाच ग्रंथांत, एकामागून एक येणाऱ्या सूत्रांत होते. २०२४ चें पुस्तक २०१४ च्या पुस्तकाचें पुढील सूत्र नव्हे. तें त्याच्या जागीं आलेलें आहे. उलट, जुनें वाक्य समोर असतांना नवीन वाक्य लिहिणाऱ्यानें एखादें पद वगळलें, तर तें जाणूनबुजून वगळलें असें धरणेंच सरळ. आणि तें वाक्य लढाईच्या प्रकरणांतून शस्त्राच्या गुणांत नेऊन ठेवल्यामुळें स्थान आणि प्रकरण हीं प्रमाणेंहि हाताच्या बाजूनें राहिलेलीं नाहींत.

तिसरा आधार लोकव्यवहाराचा : सहा सेकंदांत वार, म्यान, उपसणें आणि पुन्हां वार कोण करील? पट्ट्याची लोखंडी मूठ तर कोपरापर्यंत हात झांकते. ती वाराबरोबर काढूनघालून कोणी लढत नसे. आक्षेप रास्त आहे, पण तो या मेजावर लागू पडत नाहीं. खेळाचे नियम हे जगाच्या भौतिकशास्त्राचे नियम नव्हेत, असें २०२४ च्या सूत्रधाराच्या ग्रंथांत बजावलेलें आहे. आणि व्यवहाराचा दाखला एकदां घेतला, तर अग्निगोळे फेंकणाऱ्या मांत्रिकाचें काय करावयाचें?

तेव्हां अक्षराच्या बाजूनें पाहिलें तर ढालाईत जिंकतो. हें सूत्रधाराला आवडो वा न आवडो, त्यानें मान्य केलें पाहिजे.

परंतु येथेंच दोन कामांतील भेद ध्यानीं घ्यावा लागतो. नियमाचा अर्थ लावणें हें एक काम, आणि नियम बदलणें हें दुसरें. या खेळांत सूत्रधाराला दुसरें कामहि करण्याचा पूर्ण अधिकार आहे. पुस्तकच तो देतें. त्याच ग्रंथांत असेंहि म्हटलेलें आहे, कीं नियम सद्भावनेनें वाचले जातील या विश्वासावर ते लिहिलेले असतात. वर केलेलें गणित ढालाईताला लावून पाहावें. एका हातीं लांब तरवार व दुसऱ्या हातीं ढाल घेणाऱ्या साध्या गड्याची इजा, बळ ३ धरतां, आठ बाजूंच्या एका फांशाचे साडेचार आणि तीन मिळून साडेसात होते. आपल्या ढालाईताला खंजिराऐवजीं दुसरी आंखूड तरवार कमरेला लावण्यास कांहींच हरकत नाहीं. मग ढाल राखून त्याचे १० होतात. म्हणजे एका शब्दाच्या गळण्यानें मोठी तरवार, दोन तरवारी, आणि तरवार-ढाल या तिन्ही मार्गांपेक्षां हा चौथा मार्ग उघड उघड वरचढ ठरतो. हें पाहून एखाद्या सूत्रधारानें 'आपल्या मेजावर दुसरें शस्त्र दुसऱ्या हातींच हवें' असें ठरविलें, तर तें शहाणपणाचें होईल. मात्र 'पुस्तकाचा अर्थच असा आहे' असें त्यानें म्हणूं नये. तें खरें नाहीं, आणि समोर बसलेला ढालाईत पुस्तक वाचून आलेला आहे.

पुण्याला हा भेद नवा नाहीं. खोखोचे नियम प्रथम येथेंच, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ च्या सुमारास लेखनिविष्ट झाले, आणि पुढें ते वेळोवेळीं सुधारले गेले. सुधारणा सामन्यापूर्वीं जाहीर होते. चालू डावांत पंच फक्त अर्थ लावतो. मेजावरचा सूत्रधार एकाच वेळीं समितीहि असतो आणि पंचहि असतो, म्हणून त्याला हीं दोन कामें वेगळीं ठेवणें अधिक कठीण जातें, एवढाच फरक.

दुसरा एक वाद याच नियमाच्या पोटीं जन्मला आहे. नव्या पुस्तकांत खंजीर, विळा वगैरे कांहीं हलक्या शस्त्रांना 'निक' नांवाचें एक नैपुण्य आहे. तें अवगत असलेल्या पात्राला हलक्या शस्त्राचा जादा वार मुख्य कृतींतच उरकतां येतो. बोनस कृति शिल्लक राहते. मात्र 'हा जादा वार पाळींत एकदांच' असें तेथें बजावलेलें आहे. आतां चौथ्या पायरीपासून घेतां येणारें 'ड्युअल वील्डर' हें कौशल्य बोनस कृति खर्चून स्वतःचा एक जादा वार देतें. तो घेतला तर 'एकदांच' या मर्यादेचा भंग होतो काय? उत्तर 'हा' या सर्वनामांत आहे. 'हा' म्हणजे ज्याचें नांव त्याच वाक्यापूर्वीं घेतलें तो, हलक्या शस्त्राच्या गुणामुळें मिळालेला वार. दुसऱ्या कौशल्यानें दिलेला वार उगमानेंच निराळा. म्हणून असे तीन वार वैध ठरतात, आणि येथें सूत्रधाराला अडविण्याचें विशेष कारणहि दिसत नाहीं. त्या खेळाडूनें ढाल सोडलेली आहे आणि चौथ्या पायरीवरचें एक कौशल्यहि खर्चलेलें आहे.

हिंजवडींतील त्या मेजाकडे पुन्हां पाहिलें, तर सूत्रधारानें करावयाचें काम फार नाहीं. चालू लढाई पुस्तकाच्या अक्षराप्रमाणें पुरी होऊं द्यावी. ढालाईताचा जादा वार त्याला मिळावा. लढाई संपल्यावर सर्वांसमोर सांगावें, कीं पुढील बैठकीपासून जादा वाराला दुसरा हात लागेल, आणि तें एका कागदावर लिहून मेजावर ठेवावें. ज्यानें जुन्या अर्थाच्या भरंवशावर आपलें पात्र रचलें, त्याला त्याची शैली बदलून घेण्याची एकवार मोकळीक द्यावी. मग ढाल ठेवावयाची कीं दुसरी तरवार घ्यावयाची, हें त्याचें त्यानें ठरवावें.